आठ फुटांवरून टीव्ही

गाजर किसताना कुणाच्या मनातही येणार नाही, पण तुमच्या हॉलमधल्या टीव्हीची गोष्ट गाजरापासून सुरू होते. १८८८ साली प्राग शहरात फ्रीडरिश रायनित्झर नावाचे ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलच्या एका संयुगावर काम करत होते. ते संयुग १४५.५ अंश सेल्सिअसला वितळायचं, पण वितळल्यावर दिसायचं गढूळ. आणखी तापवलं की १७८.५ अंशांना तो गढूळपणा एकदम नाहीसा व्हायचा आणि द्रव पाण्यासारखा नितळ दिसायचा. बर्फ एकदाच वितळतो, मेण एकदाच वितळतं. मग हा पदार्थ दोनदा कसा वितळतो? रायनित्झर यांनी नमुना ओटो लेमान या जर्मन भौतिकशास्त्रज्ञांकडे धाडला. लेमान यांच्याकडे नमुना तापवत तापवत पाहता येईल असा सूक्ष्मदर्शक होता. त्यातून दिसलं ते अजबच होतं. पदार्थ वाहत होता द्रवासारखा, पण प्रकाशाशी वागत होता स्फटिकासारखा! म्हणून तो द्रवस्फटिक, म्हणजेच लिक्विड क्रिस्टल.

पुढची सुमारे ऐंशी वर्षं हा चमत्कार प्रयोगशाळेतच पडून राहिला. १९६८ साली अमेरिकेतल्या आरसीए कंपनीत जॉर्ज हाइलमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा पहिला पडदा जगाला दाखवला. १९७३ मध्ये इंग्लंडच्या हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांनी साध्या खोलीच्या तापमानात टिकणारे द्रवस्फटिक बनवले आणि मग घड्याळं, कॅल्क्युलेटर, लॅपटॉप असं करत करत ते आपल्या भिंतीवर येऊन पोचले. आज ठाण्यात मानपाड्याच्या किंवा कापूरबावडीच्या एखाद्या शोरूममध्ये शिरलात, तर भिंतभर लावलेल्या टीव्हींपैकी बहुतेक सगळे याच गाजरवाल्या शोधावर चाललेले असतात. खोक्यावर मोठ्या अक्षरांत एलईडी लिहिलेलं असतं खरं, पण एलईडी म्हणजे फक्त मागचा दिवा. चित्र घडतं ते द्रवस्फटिकातच.

आता प्रश्न खिशाचा. घोडबंदर रोडवर राहायला आलेल्या घरांचं गणित साधारण सारखंच असतं. कासारवडवलीला किंवा ओवळ्याला नवा फ्लॅट, त्याचा हप्ता, फर्निचरवाल्याचं उरलेलं बिल, आणि टीव्हीसाठी बाजूला काढलेले पंचवीस-तीस हजार. समोर सेल्समन उभा असतो आणि एका दमात सांगतो, ‘सर, फोर के आहे, एचडीआर आहे, क्यूएलईडी आहे, डॉल्बी आहे, नो कॉस्ट ईएमआयपण होईल.’ यातल्या कशाला पैसे मोजायचे आणि कशाला नुसती मान डोलवायची? ते कळायला पडद्याच्या आत शिरावं लागतं.

सगळ्यात मागे दिवे असतात, आणि ते बहुधा निळे असतात. निळा एलईडी ही गोष्ट आज रिक्षाच्या मागेही लुकलुकते, पण ती बनवायला माणसाला तीस वर्षं झगडावं लागलं. लाल एलईडी १९६२ मध्ये आला. चांगला प्रखर निळा उजाडला तो थेट १९९३ मध्ये, आणि त्यासाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निळ्याची एवढी महती का? निळ्या एलईडीवर पिवळसर पूड लावली की पांढरा प्रकाश मिळतो, आणि पांढऱ्यातून पुढे हवा तो रंग काढता येतो. निळा नसता तर एवढे चपटे आणि इतकी कमी वीज खाणारे टीव्ही आपल्याला दिसलेच नसते.

या दिव्यांपुढे एक फिल्म असते. प्रकाशाच्या लाटा सगळ्या दिशांनी डोलत येतात, त्यातल्या एकाच दिशेने डोलणाऱ्या लाटा ती पुढे सोडते. सर्वांत पुढे अशीच दुसरी फिल्म असते, पण पहिलीशी काटकोनात बसवलेली. म्हणजे पहिलीने सोडलेलं सगळं दुसरीने अडवायचं! नुसत्या या दोनच फिल्म असत्या तर पडदा कायमचा काळा राहिला असता. पण दोघींच्या मधे द्रवस्फटिकाचा थर असतो, तीन-चार मायक्रॉनचा, तुमच्या केसाच्या जाडीच्या साधारण विसाव्या भागाएवढा. त्याचे रेणू लाटेची दिशा वळवतात, आणि वीज दिली की ते रेणू स्वतःच फिरतात. किती वीज दिली त्यावर किती प्रकाश बाहेर पडणार हे ठरतं. गाजराच्या त्या गढूळ रसाचं काम एवढंच, दार किती उघडायचं ते ठरवणं.

पण अशी दारं किती? फोर के पडद्यावर आडवी ३,८४० आणि उभी २,१६० टिंबं, म्हणजे ८२,९४,४००. प्रत्येक टिंबाला लाल, हिरवं आणि निळं अशी तीन दारं, म्हणजे २,४८,८३,२००. प्रत्येक दाराला स्वतःचा एक ट्रान्झिस्टर, आणि प्रत्येक दाराला सेकंदाला पन्नास-साठ वेळा नवा हुकूम. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांच्या थोडी वर होती. एका पडद्यात त्याच्या तेरापटीहून जास्त दारं, आणि एखादं दार जरी अडकलं तरी आपण दुकानदाराशी भांडायला जातो!

यात पिवळं दार एकही नाही, हे लक्षात आलं का? मालिकेत हळदीचा कार्यक्रम चाललेला असतो, नवरी पिवळी, साडी पिवळी, मांडव पिवळा, आणि पडद्यावर पिवळं टिंब औषधालाही नाही. लाल आणि हिरवी दारं शेजारी शेजारी उघडतात, बाकीचं काम आपला डोळा करतो. डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीनच प्रकारच्या. खऱ्या हळदीने त्या जशा चाळवतात तशाच या लाल-हिरव्या जोडीने चाळवल्या, की मेंदू बिनतक्रार हळद म्हणतो. खात्री करायची असेल तर मोबाइलच्या पडद्यावर पांढरं पान उघडा आणि त्यावर पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवा. थेंबाच्या भिंगातून पांढऱ्याचे लाल, हिरवे, निळे ठिपके वेगवेगळे दिसतील.

दुकानात ३२, ४३, ५५, ६५ हेच आकडे पुन्हा पुन्हा का दिसतात? सदतीस आणि अठ्ठेचाळीस कुठे गेले? याचं उत्तर आपल्या गरजेत नाही, ते काचेच्या कारखान्यात आहे. पडदे एकेक करून बनत नाहीत. आधी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीची एक प्रचंड काच घेतात, त्या अख्ख्या काचेवर सगळे ट्रान्झिस्टर छापतात आणि मग ती कापतात. शिंपी कापड बेततो तसं इथे काच बेततात, कातरण जितकं कमी तितका पडदा स्वस्त. एका प्रकारच्या कारखान्यात २.२ मीटर बाय २.५ मीटरची काच असते, तिच्यातून ५५ इंची सहा किंवा ३२ इंची अठरा पडदे जवळजवळ काही वाया न घालवता निघतात. त्याहून मोठ्या कारखान्यांत २.९४ बाय ३.३७ मीटरची काच असते. फुटांत सांगायचं तर साधारण साडेनऊ बाय अकरा, म्हणजे घोडबंदरवरच्या वन बीएचकेची अख्खी बेडरूम. तिच्यातून ६५ इंची आठ किंवा ७५ इंची सहा निघतात. म्हणून काही मापं अचानक परवडायला लागतात आणि त्यांच्या आसपासची मापं बाजारातून उठून जातात.

आणि हे कारखाने जगात मोजकेच, बहुतेक चीनमध्ये. सॅमसंगच्या डिस्प्ले कंपनीने तर २०२२ मध्ये एलसीडी पडदे बनवणंच थांबवलं. भारतात टीव्ही जोडले जातात, पण पडदा बाहेरून येतो, आणि टीव्हीच्या खर्चात निम्म्याहून अधिक वाटा त्याचाच असतो. म्हणजे शोरूमच्या भिंतीवर एकमेकांशी स्पर्धा करणारी दोन नावं एकाच कारखान्याच्या काचेमागे बसलेली असू शकतात. ब्रँडला अर्थ नाही असं नव्हे. आतली चिप, मागचे दिवे, सर्व्हिस सेंटर आणि वॉरंटी यांत फरक असतो. पण नुसत्या नावासाठी दहा हजार जास्त मोजण्याआधी एवढं ठाऊक असलेलं बरं.

आता हॉल मोजा, खरोखर टेप घेऊन. इथल्या बऱ्याचशा हॉलची रुंदी दहा फुटांच्या आसपास असते. एका भिंतीला टीव्ही, समोरच्या भिंतीला सोफा, सोफ्यावर टेकून बसलं की डोळे आणि पडदा यांच्यात उरतात साधारण आठ फूट. या आठ फुटांवर सगळं ठरतं.

चष्म्याच्या दुकानात ज्याला सिक्स बाय सिक्स म्हणतात, त्या नजरेचा माणूस एका अंशाचा साठावा भाग एवढाच बारकावा वेगळा पाहू शकतो. आठ फुटांवर तो भाग होतो ०.७ मिलिमीटर. त्याहून जवळ असलेली दोन टिंबं डोळ्याला एकच दिसतात. ४३ इंची फुल एचडी पडद्यावर टिंबं अर्ध्या मिलिमीटरच्या अंतराने असतात. फोर केमध्ये पाव मिलिमीटरने. म्हणजे आठ फुटांवरून फुल एचडीचीच टिंबं दिसत नाहीत, तिथे फोर केची काय दिसणार? विश्वास बसत नसेल तर मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी घ्या, मिलिमीटरच्या रेघांची. ती टीव्हीच्या जागी चिकटवा आणि सोफ्यावर बसा. पाच-सहा फुटांपलीकडे बहुतेकांना त्या रेघा सुट्या दिसत नाहीत, नुसता करडा पट्टा दिसतो. ४३ इंची फुल एचडीचा बारकावा अगदी त्या रेघांएवढाच असतो.

मग फोर के घेऊच नये का? घ्या की! आज ४३ इंचांत बहुतेक टीव्ही फोर केच येतात आणि किमतीत फरक फारसा पडत नाही. मुद्दा इतकाच की त्या शब्दासाठी वेगळे पैसे मोजू नका, आणि ३२ इंचीवर ‘एचडी रेडी’ लिहिलं असेल तर आठ फुटांवरून त्याची लाज वाटायचं कारण नाही.

त्यापेक्षा आकाराकडे बघा. फोन आडवा धरा, डोळ्यांपासून एक फुटावर, आणि त्यावर एखादा मालिकेचा भाग लावा. साडेसहा इंची फोनवरचं चित्र आठ फुटांवरच्या ४३ इंची टीव्हीला जवळजवळ तंतोतंत झाकतं. म्हणजे डोळ्याच्या हिशेबाने ते दोन्ही सारखेच मोठे! मग ३२ इंची? तो हातातल्या फोनपेक्षाही लहान. अख्ख्या कुटुंबाने वीस हजार घालून फोनपेक्षा लहान चित्र पाहायचं का, हा प्रश्न दुकानात कुणी विचारत नाही. सिनेमाची मजा यायला पडद्याने नजरेचे साधारण तीस अंश व्यापावेत असा एक जुना ठोकताळा आहे. आठ फुटांवर ४३ इंची बावीस अंश व्यापतो, ५५ इंची अठ्ठावीस. इंच तिरपे मोजतात, म्हणून आकड्यांवरून फरक कळत नाही. ५५ चं क्षेत्रफळ ४३ च्या दीडपटीहून जास्त आणि ३२ च्या जवळजवळ तिप्पट असतं. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. म्हणजे लहान टीव्हीला लागतो तोच दर मोठ्यालाही. सणाच्या ऑफरमध्ये थोडी ताणाताण केली तर फारसा गाजावाजा नसलेल्या ब्रँडचा ५५ इंची हाताशी येतो. मला विचाराल तर बारकाव्यापेक्षा आकाराला पैसे द्यावेत. भिंतीच्या युनिटमध्ये मात्र आधी मोजून घ्या, ५५ इंची साधारण १२३ सेंटिमीटर रुंद असतो आणि सुताराने कप्पा बहुधा जुन्या टीव्हीच्या मापाने केलेला असतो.

आता त्या पडद्यावर येतं काय? २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. ठाण्याच्या कौलांवर आणि गच्च्यांवर ॲल्युमिनियमचे अँटेना वरळीच्या टीव्ही टॉवरच्या रोखाने उभे राहिले, आणि वारा आला की पडद्यावर मुंग्या. (त्या मुंग्यांत अगदी थोडा वाटा विश्वाच्या जन्मानंतर सुटलेल्या प्रकाशाचा होता, तब्बल १,३८० कोटी वर्षं जुना. चाळीतली माणसं अँटेना हलवून त्याला हाकलत होती.) ते चित्र ६२५ रेघांचं असायचं आणि त्यातल्या ५७६ पडद्यावर दिसायच्या. चित्रनळीच्या मागच्या बंदुकीतून इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या जवळजवळ तीस टक्के वेगाने सुटून या रेघा काढायचे, सेकंदाला पंचवीस वेळा. वाड्याजवळ कुडूसला ओनिडाचा कारखाना होता, चितेगावला व्हिडिओकॉनचा. तशा नळ्यांचे जड टीव्ही आपल्याच राज्यात जोडले जात.

नळ्या गेल्या, अँटेना गेले, पण ते ५७६ गेले नाहीत. आजही केबल किंवा डिशवर साधं, एचडी नसलेलं मराठी चॅनल लावलंत तर ते फार तर ७२० बाय ५७६ टिंबांचं येतं. गुणाकार करा, ४,१४,७२०. फोर के पडद्यावर ८२,९४,४००. भागाकार बरोबर वीस! एकही दशांश उरत नाही. म्हणजे तुमच्या नव्या टीव्हीवर दर वीस टिंबांमागे एकच टिंब चॅनलने पाठवलेलं असतं, उरलेली एकोणीस टीव्हीने शेजारीपाजारी पाहून अंदाजाने भरलेली. सासूबाईंच्या नाकातल्या नथीचे मोती टीव्हीने स्वतः घडवलेले असतात, तेही सेकंदाच्या पंचविसाव्या भागात. आणि तरी ते नथीसारखे दिसतात! हे काम आतली चिप करते, आणि स्वस्त टीव्ही व बऱ्या टीव्हीत खरा फरक अनेकदा इथेच पडतो. पण शोरूममध्ये तो कधीच दिसत नाही, कारण तिथे पोपट, मध आणि स्वित्झर्लंड चाललेलं असतं, खास फोर केमध्ये चित्रित केलेलं. सेल्समनला सांगा, साधं बातम्यांचं चॅनल लावा. तळाच्या पट्टीतली पळती अक्षरं दातरी दिसतात का, चेहरा मेणाचा दिसतो का, ते पाहा. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी यांची एचडी चॅनल्स आहेत. महिन्याला थोडे रुपये टाकून ती घेतली, तर चॅनलकडून खऱ्या टिंबांचा वाटा पाचपट होतो. ओटीटीवरही तेच. नेटफ्लिक्सच्या स्वस्त प्लॅनमध्ये फोर के येतच नाही, टीव्ही कितीही भारी असो.

शोरूमची आणखी एक जादू आहे. तिथले टीव्ही बहुधा ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ मोडवर असतात, प्रखर आणि जरा निळसर. शेजारी शेजारी ठेवले की डोळा जास्त उजळ आणि निळसर चित्राला चांगलं म्हणतो. घरी रात्री तेच चित्र डोळ्यांत घुसतं. रिमोट मागून घ्या आणि मोड ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ करा. पहिल्यांदा चित्र पिवळट, मरगळलेलं वाटेल. मिनिटभर थांबा. डोळा जुळवून घेतो आणि माणसाच्या त्वचेचा रंग माणसासारखा दिसायला लागतो.

त्यानंतर बाजूला सरका. समोरून पाहायचा आग्रह धरू नका, कारण घरात सगळे समोरून पाहत नाहीत. आपल्याकडे टीव्हीचा पक्का प्रेक्षक अनेकदा ओट्याशी उभा असतो, पोळ्या लाटत, दारातून तिरका डोकावत. द्रवस्फटिकाच्या रेणूंची मांडणी दोन मुख्य प्रकारची. आयपीएस प्रकारात बाजूने पाहिलं तरी रंग टिकतात, पण काळा रंग करडा पडतो, उजेड आणि काळोखाचं प्रमाण साधारण हजारास एक. व्हीए प्रकारात ते तीन हजारांच्या वर जातं, अंधारातली दृश्यं खोल दिसतात, पण बाजूने चेहरे फिके. रात्री दिवे मालवून सिनेमे पाहणाऱ्यांनी व्हीए घ्यावा. मालिका ओट्यावरून आणि क्रिकेट जमिनीवर आडवं पडून पाहणाऱ्या घराने आयपीएस. येऊरच्या डोंगराकडे खिडकी असलेल्या हॉलमध्ये दुपारनंतर ऊन आत येतं, त्यात काळा रंग तसाही धुऊन निघतो, तिथे व्हीएचा फायदा उन्हातच जातो.

या तिरक्या नजरेच्या दुखण्यावर एक औषध बंगळुरूहून आलं होतं. १९७७ साली रामन रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तबकडीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक सापडले. तोवर ते काडीच्या आकाराच्या रेणूंचेच असतात असं जग समजत होतं. पुढे त्या तबकड्यांचे थर पडद्याचा कोन रुंदावणाऱ्या फिल्ममध्ये वापरले गेले.

सेल्समनच्या यादीतली क्यूएलईडी ही मात्र थाप नव्हे. त्यातले क्वांटम डॉट म्हणजे काही नॅनोमीटरचे कण. पदार्थ तोच, कण मोठा असेल तर लाल उजळतो, लहान असेल तर हिरवा, आणखी लहान असेल तर निळा. नुसत्या मापाने रंग बदलतो! २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल याच कणांना. बजेटमध्ये बसत असेल तर हा शब्द खोक्यावर असायला हरकत नाही. एचडीआरचं, म्हणजे उजेड आणि काळोखातला फरक वाढवून दाखवण्याचं, तसं नाही. त्यासाठी चित्रपट बहुधा हजार निट्सच्या उजेडाचा हिशेब धरून बनवलेले असतात आणि स्वस्त टीव्हीचा दिवा अडीचशे-तीनशे निट्सवर दमतो. संदेश पोचतो, पण पाळायची ताकद नसते.

आवाजाबाबत थोडक्यात सांगतो. तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा ऐकू यायला हवेचा मोठा लोट हलवावा लागतो, आणि चार बोटं जाडीच्या टीव्हीत तेवढी हवाच नसते. त्यात खाली घोडबंदर रोडवर ट्रक. तीन-चार हजार साउंडबारला राखून ठेवा. स्टॅबिलायझरला मात्र एक रुपयाही नको. आजच्या टीव्हींचा वीजपुरवठा सहसा १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही आलं तरी स्वतःच सांभाळून घेतो, मागे लिहिलेलं असतं, वाचून घ्या. पावसाळ्यात विजा चमकायला लागल्या की प्लग आणि केबल दोन्ही काढा, स्टॅबिलायझरने वीज थांबत नाही.

अरे हो, जुना टीव्ही खरंच गेला आहे का? आवाज येतो पण पडदा काळा, असं असेल तर हॉलमध्ये अंधार करा आणि मोबाइलची टॉर्च पडद्याजवळ तिरकी धरा. टॉर्चच्या वर्तुळात माणसं हलताना दिसली, तर दारं सगळी शाबूत आहेत, फक्त मागचे दिवे विझलेत. मेकॅनिक त्याला ‘पट्टी गेली’ म्हणतात, आणि पट्टी नव्या टीव्हीच्या मानाने अगदी थोडक्यात बदलून मिळते. ‘डिस्प्ले गेला’ म्हणजे काच गेली, त्यावर खर्च करण्यात अर्थ नाही. दिवे लवकर जाऊ नयेत म्हणून नव्या टीव्हीचा बॅकलाइट शंभरावरून साठ-सत्तरवर आणून ठेवा, रात्री डोळ्यांनाही बरं.

ऑनलाइन मागवलात तर टीव्ही बहुधा भिवंडीच्या एखाद्या गोडाऊनमधून निघेल आणि कशेळी, बाळकुम, कापूरबावडी करत तुमच्याकडे येईल. त्या वाटेवरचे खड्डे तुम्हाला ठाऊक आहेत, आणि आत अर्धा मिलिमीटरची काच आहे हे आता कळलंय. खोका उभाच आला पाहिजे, आडवा आलेला घेऊ नका. टेम्पोवाल्याला घाई असते, तरी त्याच्यासमोर खोका उघडा, टीव्ही लावा आणि मोबाइलवरून आधी एक पूर्ण पांढरं, मग पूर्ण काळं चित्र पडद्यावर टाका. पांढऱ्यावर काळा ठिपका दिसला तर एका टिंबाची तिन्ही दारं बंद आहेत, काळ्यावर रंगीत ठिपका दिसला तर एक दार उघडंच राहिलंय. कोपऱ्यातून रेघ निघालेली दिसली तर सहीच करू नका, टीव्ही तसाच परत पाठवा.